चाळीस मिनिटांची विश्रांती

सलग एक हजार तास, असं दिल्लीहून आलेल्या पत्रात लिहिलं होतं आणि ‘सलग’खाली कुणीतरी पेनाने रेघ ओढली होती. आमचं यंत्र एक हजार तास न थांबता चाललं, तर पुढच्या टप्प्याला मंजुरी मिळून ते वेलचेरीतल्या चाळीस इमारतींच्या टाक्यांवर बसणार होतं. नाही चाललं, तर मार्चमध्ये प्रकल्प गुंडाळायचा. यंत्राचं काम एवढंच, की पिण्याच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं तर लाल दिवा लावायचा, नाहीतर हिरवा. अशी यंत्रं परदेशात मिळतात, पण त्यांची किंमत ऐकूनच माणूस उकळलेलं पाणी प्यायला लागतो. आमचं जेवणाच्या डब्याएवढं होतं आणि सरकारी पैशातून आम्ही ते चार वर्षं खपून इथेच, चेन्नईतल्या आमच्या प्रयोगशाळेत बनवलं होतं.

मी स्वतः वेलचेरीतच, चेन्नईच्या त्या सखल भागात, राहते. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आमच्या इमारतीत पाणी शिरलं. ते ओसरल्यावर नळाला अगदी स्वच्छ दिसणारं पाणी आलं आणि महिन्याभराने माझ्या अमोघला कावीळ झाली. सहा वर्षांचं पोर हळदीसारखं पिवळं पडलं. पाण्याचं यंत्र बनवणारी बाई मी, आणि माझ्याच घरात ही तऱ्हा. तेव्हापासून मला धीर म्हणून राहिलेला नाही. चाचणी सुरू झाल्यापासून मी दिवसातून वीस वेळा यंत्रासमोर जाऊन उभी राहायचे. त्याला आलटून पालटून चांगलं आणि घाण पाणी पाजलं जायचं, आणि ते बरोबर लाल-हिरवं करत राहायचं.

‘तुम्ही उभं राहिलां म्हणून ते लवकर चालतंय काय?’ असं गुंडोराव एकदा म्हणाले होते. गुंडोराव आमचे तंत्रज्ञ, तंजावरचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी कुणी पूर्वज तिकडून इकडे आला आणि त्याच्याबरोबर आलेली मराठी या लोकांनी तमिळच्या शेजारात जपून ठेवली. साताऱ्याहून नवी आले तेव्हा ती ऐकून मला हसू यायचं. पण तीस वर्षांत त्यांच्या हाताखालचं एकही उपकरण धुळीने बंद पडलेलं नव्हतं. डिसेंबरात ते निवृत्त होणार होते.

आयुधपूजा बुधवारी होती. आपली खंडेनवमीच ती, पण इथल्या कचेऱ्यांत दणक्यात होते. सुट्टी असल्यामुळे पूजा आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी उरकतात. वजनकाट्यापासून संगणकापर्यंत सगळं पुसायचं, गंध-कुंकू लावायचं आणि बंद करून ठेवायचं, कारण त्या दिवशी हत्यारांना विश्रांती. मी गुंडोरावांना बजावून सांगितलं होतं, की हार घाला, गंध लावा, काय वाटेल ते करा, पण माझं यंत्र बंद करायचं नाही. ते ‘सरि, मॅडम’, म्हणजे बरं, असं म्हणाले. मग मी वरच्या मजल्यावर, दिल्लीहून येणाऱ्या समितीच्या सोमवारच्या बैठकीसाठी कागदांच्या आठ-आठ प्रती काढत बसले. संध्याकाळी खाली आले तर यंत्राच्या कपाळी चंदनाचा टिळा होता आणि हिरवा दिवा चालू होता. त्याच्यासमोर उभी राहून मी प्रसादाचे चुरमुरे खाल्ले.

दोन दिवसांच्या सुट्टीनंतर शुक्रवारी आलेख काढायला बसले. रेघ सुरेख चालली होती आणि आठशे ऐंशीव्या तासाला ती तुटली. मंगळवारी चार दहा ते चार पन्नास. नवीन हजार तास मोजायला बेचाळीस दिवस लागतात आणि समिती तीन दिवसांवर आली होती.

गुंडोरावांनी लपवलं नाही. ‘मीच बंद केलों, मॅडम. सगळ्यांस विश्रांती आणि ह्यासच नको, ते मनास बरं वाटलं नाही. दिवसभर नको म्हणून पूजा होईपर्यंतच ठेवलों.’

म्हणजे माझा मान राखून त्यांनी विश्रांती एका दिवसावरून चाळीस मिनिटांवर आणली होती. तोंडाला येईल ते मी बोलले. ‘तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून चार वर्षं घालवली का आम्ही?’ त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

आमचे विभागप्रमुख अनंतकृष्ण सर मात्र शांत होते. एवढी भेग आलेखात कोण बघतं, दोन टोकं जोडून टाक, असं त्यांनी सांगितलं. सगळ्या प्रकल्पांत कुठे ना कुठे असं होतं म्हणे. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला ते पटलं, खोटं कशाला बोलू. वेलचेरीतल्या चाळीस टाक्या डोळ्यांसमोर होत्या. मी जोडायलाच बसले.

जोडायला भेगेच्या पुढचे आकडे बघावे लागले. चार पन्नासला यंत्र पुन्हा चालू झालं. पाच वाजता त्याला घाण पाणी पाजलं गेलं आणि त्याने हिरवा दिवा लावला. सहाला हिरवा. नऊला हिरवा. रात्री अकरापर्यंत ते गटाराच्या पाण्याला पिण्याचं पाणी म्हणत होतं, आणि मग आपोआप शुद्धीवर आलं. वीज गेली की पाणी ओळखणारी आतली पट्टी कोरडी पडायची आणि पुन्हा नीट भिजायला सहा तास घ्यायची. मी चुरमुरे खाल्ले ते त्याच खोट्या दिव्यासमोर.

वेलचेरीत पाणी शिरलं की सगळ्यात आधी वीज जाते. कुणाला धक्का बसू नये म्हणून मुद्दाम बंद करतात. अमोघ आजारी पडला त्या डिसेंबरात आम्ही चार दिवस मेणबत्त्यांवर काढले होते. आणि मी चार वर्षं या यंत्राला बॅटरीच्या कडेवर बसवून, वीज एक क्षण जाऊ न देता तपासत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा नवरा दर्शन ऐकून म्हणाला, नाव विद्युल्लता आणि विजेचाच विसर. मला हसू आलं नाही.

शनिवार-रविवार मी घरात नुसती येरझारा घालत होते. आलेख जोडला तर चाळीस इमारती पुरानंतर हिरवा दिवा बघून पाणी पिणार. नाही जोडला तर चाळीस इमारतींना यंत्रच नाही. अमोघने दोनदा विचारलं, आई, तू बसत का नाहीस.

सोमवारी समितीसमोर मी तुटलेला आलेख लावला. यंत्र चाळीस मिनिटं बंद होतं आणि त्यानंतर सहा तास खोटं बोललं, असं सांगितलं. वीज घालवून तपासायला आणखी एक वर्ष मागितलं. अध्यक्ष भले गृहस्थ होते. प्रामाणिकपणाचं त्यांनी कौतुक केलं. मग म्हणाले, वीज जाण्याबद्दल अटींमध्ये काहीच नाही, ‘सलग’बद्दल मात्र आहे. पुढच्या टप्प्याची शिफारस होणार नाही. मार्चपर्यंत जे चाललंय ते चालू द्या. अनंतकृष्ण सर माझ्याकडे न बघता चहाला गेले.

मी खाली आले. गुंडोराव दाराशी उभे होते. काय झालं ते माझ्या तोंडावरच दिसत असणार.

‘माझं चुकलं, गुंडोराव,’ मी म्हणाले. ‘आता रोज चार वाजता यंत्र बंद करायचं. चाळीस मिनिटं.’

मी टोमणा मारतेय का, ते त्यांनी नीट बघून घेतलं. ‘रोज, मॅडम?’

‘मार्चपर्यंत रोज.’

‘मी डिसेंबरपर्यंतच आहें.’

‘मग डिसेंबरपर्यंत दुरुस्त करू.’

चारला त्यांनी चपला काढल्या, यंत्राला हात लावून डोळ्यांना लावला आणि बटण बंद केलं. मी वहीत वेळ लिहिली. चार चाळीसला चालू केलं, घाण पाणी सोडलं, आणि हिरवा दिवा लागला. गुंडोरावांनी दोन खुर्च्या ओढल्या. आम्ही तो लाल कधी होतो ते बघत बसलो.