ओल्या फरशीवरचा घोडा

मी एक जुना कार्टूनपट आहे, आणि कला अमर असते. यातलं दुसरं वाक्य माझं नाही. मी जिथे राहतो त्या चित्रपट संग्रहालयाच्या दारावर ते संगमरवरात कोरलेलं आहे. दार उघडून आत आलं की व्हिनेगरसारखा आंबट वास नाकात शिरतो. जुनी फिल्म कुजायला लागली की असा वास सुटतो. मित्रांनो, त्या वासात थोडा वाटा माझाही आहे.

माझी लांबी सात मिनिटं. गोष्ट पश्चिमेकडच्या एका धुळकट गावातली. भित्रा शेरीफ, मिशाळ दरोडेखोर, दारूचा गुत्ता आणि मन मानेल तेव्हा गोळीबार. एका लांबट खोलीत, खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलांवर, ओळीने बसलेल्या माणसांनी मला काढलं. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक पात्र होतं. ज्या हडकुळ्या चित्रकाराकडे घोडा आला, तो सगळ्यांत हळू काम करी. म्हणून मालकांनी घोडा एकाच प्रसंगात ठेवला. एरवी शेरीफ घोड्यावरून येतो तेव्हा पडद्यावर नुसती धूळ उडते. धूळ काढायला सोपी असते.

तो प्रसंग असा. गुत्त्यात शेरीफ आणि दरोडेखोर एकमेकांवर पिस्तुलं रोखून उभे आहेत. कुणीच गोळी झाडत नाही. बाहेर ताटकळून कंटाळलेला घोडा आत येतो, नुकतीच पुसलेली फरशी ओलांडतो, बादलीतलं पाणी पितो आणि आला तसा निघून जातो. एवढंच. पण चित्रकाराने घोड्याला स्वतःची चाल दिली होती. घरी बायकोने फरशी पुसली की बोलणी बसू नयेत म्हणून तो ज्या बेताने पाऊल टाकी, ती चाल. त्याची धाकटी लेक दारात उभी राहून ते बघे आणि हसून लोटपोट होई.

तुम्ही म्हणाल, हा स्वतःचीच टिमकी वाजवतोय. तसं नाही. माझे दोषही मला ठाऊक आहेत. सात मिनिटांत किती मावतात त्याचं तुम्हाला नवल वाटेल. दरोडेखोराची मिशी पेटते, हा विनोद मी तीनदा करतो. पहिल्यांदा लोक हसतात, दुसऱ्यांदा मुलं हसतात, तिसऱ्यांदा फक्त दरोडेखोर हसतो. माझ्यातली एकुलती एक बाई सबंध वेळ रुळांना बांधलेली आहे आणि पापण्या फडफडवण्यापलीकडे तिला काम नाही. त्या भूमीची मूळ माणसं येतात ती पिसं लावून किंचाळत, आणि सगळ्यांना एकच चेहरा. निरनिराळे चेहरे काढायची कुणाला गरज वाटली नाही. थिएटरातली मुलं त्यांनाही हसली. ते हसू मी मिळवलेलं आहे, ते मला नाकारता येत नाही. शेवटी सगळं गाव सुरुंगाने उडतं, कारण लिहिणाऱ्यांना पुढे काही सुचलं नाही.

माझी उमेदीची वर्षं मोठ्या चित्रपटाच्या आधी, लोक अंधारात खुर्च्या चाचपत असताना गेली. मग घरोघरी टीव्ही आला, थिएटराचं गोदाम झालं आणि माझा डबा जिन्याखाली गेला. तिथे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला दाराला लावून ठेवत. खरं सांगायचं तर ते काम मी चोख केलं.

तोवर चित्रकार वारला होता. माझ्या श्रेयनामावलीत त्याचं नाव नव्हतं. लेकीचे केस पिकले. तिच्याकडे वडिलांचे फोटो होते, पण फोटोत माणूस चालत नाही. म्हणून ती मला शोधत हिंडली, मी, उरलेली एकमेव प्रत, सापडल्यावर मला छातीशी धरून संग्रहालयात आली आणि म्हणाली, याची प्रत काढा आणि मला एकदा दाखवा. बस.

प्रत काढायला संग्रहालय तयार होतं. फक्त आधी तीन जणांची समिती चित्रपट बघून त्याचे गुणदोष ठरवी. लायक ठरला तरच प्रत. समितीत एक अध्यक्ष होते, एक समीक्षक, आणि तिसरे एक सदस्य, जे डोळे मिटून चित्रपट बघत.

मी आक्रसलो होतो, कडा ठिसूळ झाल्या होत्या. लेकीने मला हातात धरलं होतं, त्यामुळे तिला ते कळलं होतं. ती म्हणाली, "आधी प्रत काढा ना. मग प्रत बघा, हवी तितक्यांदा."

"बाई, न बघता प्रत काढली," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "आणि चित्रपट टाकाऊ निघाला, तर?"

मशीन चालवणाऱ्यांना सगळे मामा म्हणत. त्यांना विचारलं, हा चालेल का? त्यांच्या हातून आजवर एकही फिल्म तुटली नव्हती आणि हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. नाही म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटलं. चालवू की, म्हणाले.

लेकीला बाहेरच्या बाकावर बसवलं. नातेवाईक आत असले की मतावर परिणाम होतो, असा तिथला नियम. बंद दारातून तिला समितीचं हसू ऐकू आलं. कुठल्या जागी हसताहेत ते तिने बरोबर ओळखलं.

मी पहिल्यांदा चाललो. मशीनचे दाते ज्यांत अडकतात ती माझ्या कडेची भोकं फाटायला लागली. मग वाद झाला. अध्यक्षांच्या मते माझे दोष त्या काळाचे होते. समीक्षकांच्या मते दोष माझेच होते, काळ फक्त साक्षीला होता. मला विचाराल तर समीक्षकांचं बरोबर होतं. पण मुद्दा पक्का करायला ते म्हणाले, पुन्हा लावा. मी दुसऱ्यांदा चाललो. यावेळी मिशी दोनदा पेटली की तीनदा, यावर त्यांची जुंपली. तिसरे सदस्य म्हणाले, माझं लक्ष नव्हतं. म्हणून पुन्हा लावा.

तेव्हा लेक उठली आणि मामांच्या खोलीत गेली. नियम तिथेही होता, पण मामांनी खुर्ची सरकवून तिला झरोक्यापाशी जागा दिली.

गुत्ता आला. पिस्तुलं रोखली गेली. घोडा दारातून आत आला, फरशीकडे बघून थबकला आणि त्याने एक पाय उचलला. तिथे मी अडकलो. दिव्याच्या आचेने पडद्यावर एक तपकिरी डाग उमटला, फुगला आणि उचललेल्या पायासकट घोड्याला खाऊन गेला. मामांनी घाबरून मला ओढलं. घोड्याचा उरलेला भाग कपचे कपचे होऊन त्यांच्या बोटांत आला.

दिवे लागले. लेक खाली समितीसमोर जाऊन उभी राहिली. ती चिडली नाही, रडली नाही.

"तुम्ही दोनदा पाहिलंय. पाय कसा टाकतो तो?"

समीक्षक भला माणूस होता. त्यांनी मनापासून आठवून पाहिलं. गतीची लय, विनोदाची अचूक वेळ, असं बरंच बोलले.

"ते झालं. पाय कसा टाकतो?"

"हळू."

"हळू म्हणजे कसा?"

समीक्षकांनी अध्यक्षांकडे पाहिलं. "म्हणजे... सावकाश," ते म्हणाले.

मित्रांनो, माझ्यात पुष्कळ वाईट आहे. ते लपवू नका, खुशाल बोट ठेवून दाखवा. पण आधी मला जपा, मग माझी झाडाझडती घ्या. हा क्रम चुकला की हातात नुसतं मत उरतं. घरातल्या माणसांनाही हेच लागू आहे, पण तो माझा विषय नाही.

समितीने त्याच दुपारी निकाल दिला. मिशीच्या विनोदाबद्दल माझे गुण कापले, घोड्याच्या चालीबद्दल वाढवले, आणि मी जतन करण्यास योग्य असल्याचं एकमताने ठरलं.