कलम सहामधला ‘किंवा’

राग आला की नूतनचा आवाज चढत नसे, उतरत असे. तलासरीकडे उधव्याच्या शाळेत ती बावीस वर्षं शिकवत होती आणि तिथल्या पोरांनी हे कधीच ओळखलं होतं. बाई हळू बोलायला लागल्या की अख्खा वर्ग चिडीचूप. घरी मात्र हे कुणाच्या फारसं लक्षात आलं नव्हतं, कारण कोसबाडच्या टेकडीखालच्या सावे मंडळींच्या चिकूच्या वाडीत तिला रागवायची वेळच क्वचित यायची. नवरा, विपुल, शांत माणूस. बायकोच्या दुखण्याखुपण्याला तो सगळ्यात आधी उभा. सात वर्षांपूर्वी तिच्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हा वाडी गड्यांवर टाकून त्यानेच तिला मुंबईच्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात नेलं. रांगा त्याने लावल्या, कागदपत्रं त्यानेच केली. स्तन काढला आणि त्याच ऑपरेशनमध्ये तिथे सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. सर्जन म्हणाले होते, ताई, आता हा विषय डोक्यातून काढून टाका. तिने खरोखरच टाकला.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत माळ्यावरचे डबे काढताना डावा हात वर गेला आणि काखेपर्यंत कळ आली. चाचपून बघितलं तर ती बाजू वरवंट्यासारखी घट्ट. कॅन्सर परतला, असंच तिने धरलं आणि दुसऱ्या दिवशी डहाणू रोडला डॉ. निलमच्या दवाखान्यात गेली. निलमने तपासून बोईसरला एमआरआय करायला पाठवलं. रिपोर्टात कॅन्सर नव्हता. इम्प्लांट फुटलं होतं. केव्हा, ते सांगता येत नव्हतं, पण आतलं सिलिकॉन झिरपत काखेतल्या लसीकाग्रंथींच्या गाठींपर्यंत पोचलं होतं.

निलमने विचारलं, मधे कधी एमआरआय केला होता का? इम्प्लांट कुठल्या कंपनीचं, नंबर काय, त्याचं कार्ड असेल ना तुमच्याकडे? नूतन म्हणाली, कसलं कार्ड?

“हे जन्मभराचं नसतं, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही?” निलम म्हणाली.

मग तिने सांगितलं. दहा-पंधरा वर्षांत बऱ्याच जणींना ते बदलावं किंवा काढावं लागतं. आतल्या आत फुटलं तर बाहेरून कळत नाही, म्हणून अधूनमधून तपासायचं असतं. भोवतीचं आवरण आवळत जाऊन ते कडक होतं आणि रेडिएशन घेतलेल्या बायकांत जास्तच. फार क्वचित, पण त्याच्याभोवती एक वेगळ्या जातीचा कॅन्सरसुद्धा होतो. नूतनने रेडिएशनचे पंचवीस दिवस काढले होते. तिला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं.

घरी येऊन तिने फाइल काढली. संमतीपत्र इंग्रजीत, बारीक टायपात, चार पानी. नर्सने जिथे जिथे फुली मारून दिली होती तिथे तिथे तिची सही. निलमने सांगितलेलं सगळं त्यात होतं. शेवटच्या पानावर एक चौकट होती: सर्व धोके रुग्णाला समजणाऱ्या भाषेत समजावून सांगितले. भाषा, मराठी. चौकटीत बरोबरची खूण.

ती खूण बघून तिला शाळेत आलेली काळी नावाची एक आदिवासी आई आठवली. पोराच्या दाखल्यावर अंगठा द्यायच्या आधी ती म्हणाली होती, बाई, आधी वाचून दाखव. नूतनने तेव्हा कौतुकाने वाचून दाखवलं होतं. आणि आपण, डी.एड. झालेल्या, दुसऱ्यांच्या पोरांना वाचायला शिकवणाऱ्या बाई, चार पानांवर न वाचता सह्या ठोकून मोकळ्या झालो. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पहिल्यांदा स्वतःवरच. मग तिची नजर खाली गेली. साक्षीदार म्हणून विपुलची सही होती, तारखेसकट.

विपुल वाडीतून आला, पाय धुतले, पडवीत बसला. तिने पान त्याच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, हे सगळं कुणी कुणाला समजावलं? तो म्हणाला की सर्जनने त्याला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाहेर व्हरांड्यात बोलावून सगळं सांगितलं होतं.

“तू आधीच खचलेली होतीस. मीच म्हटलं त्यांना, तिला नका सांगू.”

“म्हणजे हे फुटू शकतं हे तुम्हाला सात वर्षं माहीत होतं.”

“नंतर विसरलो, नूतन. खरंच विसरलो.”

तिला वाटलं होतं, तो लपवल्याचं कबूल करील. विसरला होता, हे तिने धरलंच नव्हतं. जे तिच्या छातीत होतं ते तो विसरू शकत होता.

“मला सांगितलं असतं तर मी नको म्हटलं असतं,” ती म्हणाली.

“म्हणूनच तर,” तो बोलून गेला.

तिचा आवाज एवढा उतरला की त्याला पुढे वाकून ऐकावं लागलं. “मग ते नक्की कुणाला हवं होतं?”

विपुल उठून वाडीत मोटर बघायला गेला. त्यानंतर आठ-दहा दिवस त्या घरात जेवण, मोटर आणि पाण्याच्या पाळीपलीकडे बोलणं झालं नाही.

निलमनेच तिला विधेयकाचं सांगितलं. एका आमदाराने ते मांडलं होतं. स्तनात इम्प्लांट बसवण्याआधी त्याचे धोके लेखी सांगणं डॉक्टरांवर बंधनकारक करायचं, असा कायदा. त्यावर नेमलेली समिती जिल्ह्याजिल्ह्यात लोकांचं म्हणणं ऐकत होती आणि डिसेंबरात पालघरला येणार होती. नूतनने मसुदा मिळवला. तो मराठीत होता. उत्तरपत्रिका तपासावी तसा तिने तो लाल पेनाने वाचला आणि कलम सहावर थांबली. ‘इम्प्लांटचे धोके, आयुर्मान व तपासणीची गरज यांची माहिती रुग्णास किंवा तिच्या नातेवाइकास लेखी देण्यात येईल.’

‘किंवा’भोवती तिने एवढ्या जोराने गोल काढला की कागद फाटला.

पालघरला विपुलने तिला गाडीने नेलं. तिने नको म्हटलं नव्हतं आणि चला असंही म्हटलं नव्हतं. सभागृहात तिच्या आधी डॉक्टरांच्या एका संघटनेचे गृहस्थ बोलले. वाईट माणूस नव्हता, हसून बोलत होता. त्यांचं म्हणणं असं की एवढे धोके वाचून दाखवले तर बायका घाबरतात, उपचारच टाळतात. ग्रामीण, आदिवासी भागात तर निर्णय घरचेच घेतात. घरच्यांना विश्वासात घेणं ही आपली पद्धत आहे, ती कायद्याने मोडू नये. समितीतल्या दोघातिघांनी मान डोलावली.

नूतनला तीन मिनिटं मिळाली. तिने बोलायला सुरुवात केली तेव्हा अध्यक्षांनी माइक जवळ घ्या म्हणून सांगितलं. तिने माइक जवळ घेतला, आवाज वाढवला नाही.

“कलम सहामधला एक शब्द काढा. ‘किंवा’. माझ्या वेळी हे कलम नव्हतं, पण माझ्या हॉस्पिटलने अगदी यातलंच केलं. नातेवाइकाला सांगितलं. तो नातेवाईक मागे बसलाय, माझा नवरा. चांगला माणूस आहे. चांगल्या माणसानेसुद्धा मला सांगितलं नाही आणि नंतर तो विसरला. सिलिकॉन माझ्या काखेत आहे, त्याच्या नाही. मी घाबरले असते. घाबरून नाही म्हटलं असतं. तो माझा हक्क होता. आणि आदिवासी बायकांबद्दल साहेब बोलले. माझ्या शाळेतल्या बाया अंगठा देण्याआधी वाचून दाखव म्हणतात. त्यांना वाचून दाखवायला तुम्हाला वेळ नाही, एवढंच आहे ते.”

अध्यक्षांनी चष्मा काढून मागे बघितलं आणि नवऱ्याला काही सांगायचं आहे का, असं विचारलं. विपुल उठला. त्याचे हात पुढच्या खुर्चीवर होते.

“डॉक्टरांनी मला सांगायला नको होतं,” तो म्हणाला. “आणि सांगितलं, तर मी गप्प बसायला नको होतं.”

सभागृहात टाळ्या पडल्या. नूतनच्या बोलण्याला पडल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या एका पेपरात बातमी आली, ‘पतीच्या कबुलीने समिती गहिवरली’. विपुलचा फोटो होता. नूतनचं नाव नलिनी असं छापलं होतं. विपुल स्वतः पेपरवाल्याला फोन करून चुकीची दुरुस्ती मागायला निघाला, तेव्हा तिने त्याच्या हातातून फोन घेतला आणि संपादकाला स्वतः फोन केला. दुरुस्ती चौथ्या दिवशी आली, आतल्या पानावर, दोन ओळींची.

जानेवारीत निलमच्या ओळखीच्या एका सर्जन बाईंकडे तिने फुटलेलं इम्प्लांट काढून घेतलं. ऑपरेशनच्या आधी विपुल सवयीने तिच्याबरोबर खोलीत शिरला. ती म्हणाली, तुम्ही बाहेर बसा. बाईंनी सगळं समजावून सांगायला दीड तास घेतला. सगळं सिलिकॉन निघेलच असं नाही, हेही सांगितलं. काही गाठींत ते कायमचं राहील. नूतनने विचारायचं होतं ते सगळं विचारलं, वहीत लिहून घेतलं आणि नवीन इम्प्लांट नको, असं स्वतःच्या हाताने मराठीत लिहून खाली सही केली. आता ती बाजू सपाट आहे. शाळेत दुसरीतल्या एका पोरीने विचारलं, बाई, तुमचं काय झालं? तिने सांगितलं.

समितीचा अहवाल उन्हाळ्यात आला. त्यात ‘किंवा’ गेला होता. ‘रुग्णास, आणि तिची संमती असल्यास नातेवाइकास’ असं झालं होतं. पण विधेयक त्या अधिवेशनात चर्चेला आलंच नाही, नंतरच्याही नाही. तालुक्यातले एक पुढारी तिला म्हणाले, होईल हो बाई, एवढी घाई कसली. ती त्यांना हळू आवाजात म्हणाली की घाई तिची नाही, उद्या कुठल्या तरी व्हरांड्यात ज्या बाईचा नवरा बोलावला जाणार आहे तिची आहे.

मुंबईच्या हॉस्पिटलने तिने जाब विचारलेल्या पत्राला एका ओळीचं उत्तर पाठवलं. नोंदीनुसार रुग्णाला सर्व धोके मराठीत समजावले होते. त्या उत्तराची प्रत जोडून तिने मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. तारीख लागली आहे. विपुलने स्वतःहून साक्ष द्यायची तयारी दाखवली. घरात आता दोघं बोलतात, पूर्वीइतकं मोकळं नाही, पण बोलतात. तिने थोडा विचार केला.

“या,” ती म्हणाली. “पण आधी मी बोलेन. माझं संपेपर्यंत तुम्ही उठायचं नाही.”