चाखून घातलेलं पाणी

मित्रांनो, शाळेच्या स्वयंपाकघरामागच्या भिंतीत एक खिळा आहे. त्या खिळ्याला टांगलेली मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. माझा हिरवा रंग केव्हाच उडाला. माझी मूठ मुलांच्या हातांनी गुळगुळीत झाली आहे, आणि तळाच्या सांध्यात एक पांढरी रेघ आहे. ती कितीही घासली तरी जात नाही. त्या रेघेची गोष्ट आता माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं.

पत्र्याची कामं करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. पत्रा कापताना तो सारखा पुटपुटायचा, पण कथील वितळवून सांध्याला डाख देताना श्वास रोखून गप्प बसायचा. तोटीच्या टोपीला त्याने एकेक भोक स्वतःच्या हाताने पाडलं. मग माझ्यात पाणी भरून मला उजेडात धरलं आणि म्हणाला, "गळत नाहीस ना बाई? मग जा आता." तेव्हापासून मला काळजी करायची सवय लागली ती लागलीच. सांधा सुटेल का, कुणाच्या पायावर पडेन का, पाणी रोपापर्यंत पोचेल का, दिवसभर हाच घोर.

मला इथे आणलं ते शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी. मागच्या अंगणात मोडकी बाकं पडली होती. ती हलवून त्यांनी तिथे वाफा केला आणि प्रत्येक मुलाला वीतभर जमीन वाटून दिली. ज्याने पेरलं त्यानेच उपटायचं, त्यानेच धुवायचं, चिरायचं आणि पातेल्यात ढवळायचं, असा त्यांचा नेम होता. भाजी शिजत आली की त्या मुलांना एक घास बिनमिठाचा द्यायच्या, मग चिमूटभर मीठ घालून दुसरा घास द्यायच्या. पहिल्या घासाला वाकडी झालेली तोंडं दुसऱ्या घासाला सरळ होताना पाहणं, ही मावशींची मोठी करमणूक होती.

पण मित्रांनो, मुलं ती मुलंच. वाफ्यात रमायची आणि ताटात भाजी आली की बोटाने कडेला सारायची. उष्ट्याची बादली रोज भाजीने भरायची. एके दिवशी मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या बादलीपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या रागावल्या नाहीत, हेच मला जास्त भीतीचं वाटलं. त्या म्हणाल्या की दोष मावशींच्या हाताचा नाही, पण भाजी बादलीतच जाणार असेल तर पुढच्या सत्रापासून जेवण बाहेरून बंद डब्यांतून येईल आणि वाफ्याच्या जागी फरशी पडेल. मावशींनी सत्र संपायच्या आत एकदा, फक्त एकदा, अख्खं जेवण वाफ्यातल्याच भाजीचं करू देण्याची विनंती केली. मोठ्या बाई जाता जाता म्हणाल्या, "करा. ताटं रिकामी झाली तर बघू."

त्या वेळी नळाखाली मी भरत होते आणि माझी मूठ पिटुकलीच्या हातात होती. वर्गात सगळ्यांत ठेंगणी म्हणून तिला हे नाव पडलं होतं. आई कामाला जायची, म्हणून ती शाळा सुटल्यावरही मावशींपाशीच बसायची. मोठ्या बाईंचं बोलणं ऐकलं आणि नळ बंद करायचंच ती विसरली; मी काठोकाठ भरून वाहू लागले. माझ्या कानापाशी तोंड आणून तिने विचारलं, "मावशी जातील का गं?"

मला उत्तर देता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने रुमालाची गाठ सोडली आणि मूठभर मीठ माझ्यात ओतलं. काडीने ढवळलंही. मित्रांनो, तिचा हिशेब साधा होता. मिठाने भाजीला चव येते, मग मीठ मुळापासूनच गेलं तर भाजी इतकी चवदार होईल की कुणी ती ताटात टाकणारच नाही. माझे सांधे चुरचुरले. मी जीव तोडून अडायला पाहिलं, पण झारीने काय अडावं? तिने वाकवलं तशी मी वाकले. नाजूक गाजरांवर, घेवड्याच्या कोवळ्या वेलांवर, पालकावर मी ते पाणी शिंपडलं. जन्मात पहिल्यांदा मला माझ्या न गळण्याची लाज वाटली. माझ्या तळाला एक भोक असतं तर!

आठवडाभरात गाजरांची पानं कडांनी करपली. मावशींना वाटलं, ऊन लागतंय, पाणी कमी पडतंय. त्यांनी पिटुकलीलाच सांगितलं की रोज दोन झाऱ्या घाल. पिटुकली आज्ञाधारक. दोन झाऱ्या म्हणजे दोन मुठी मीठ. घेवडा माना टाकू लागला, तशी तीही जेवेनाशी झाली. एकदा तर तिने तीन मुठी टाकल्या, कारण तिला वाटलं, आपलंच काहीतरी कमी पडतंय. सत्र संपायला थोडेच दिवस उरले होते. मी रोज सकाळी तिच्या पावलांचा आवाज ऐकला की गारठायचे.

शेवटी मावशीच एका दुपारी गुडघे टेकून वाफ्याशी बसल्या. मातीवर पांढरट साय धरली होती. त्यांनी बोटाने ती खरवडली, जिभेला लावली, आणि हळूच मान वर केली.

"हे मीठ कुणी घातलं?"

वर्गात एक वाचाळ मुलगा होता, त्याला सगळे रेडिओ म्हणत. तो रेडिओसुद्धा बंद पडला. मग पिटुकलीने खिशातून रुमाल काढला आणि पुढे धरला.

"तुम्ही जाऊ नये म्हणून घातलं," ती म्हणाली. पुढचं रडण्यात गेलं.

मावशी उठून स्वयंपाकघराच्या पायरीवर बसल्या. मग पिटुकलीला जवळ ओढून म्हणाल्या, "अगं वेडे, मी शेवटी घालते ते तू आधीच घातलंस, एवढंच. पण मग पानं करपायला लागली तेव्हाच का नाही आलीस माझ्याकडे?"

"तुम्ही रागवाल म्हणून."

"मी रागावले असते, आणि गाजरं जगली असती."

त्या दिवशी सगळा वर्ग कामाला लागला. मावशींनी वाफ्याच्या कडेने चर खणला. वरून भरपूर गोडं पाणी ओतायचं, म्हणजे ते मीठ धुऊन चरात उतरेल. नळ ते वाफा, वाफा ते नळ, माझ्या किती खेपा झाल्या त्याला गणती नाही. संध्याकाळी मिठाने पांढरा पडलेला माझा तळाचा सांधा पहिल्यांदा पाझरला, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्याच संध्याकाळी मावशींनी नवा नेम घातला. झारीतला एक थेंब जिभेवर घेतल्याशिवाय कुणी पाणी घालायचं नाही.

गाजरं गेली. घेवडाही गेला. उरला तो पालक, कारण तो चिवट. आणि पालक तर कुणीच खात नव्हतं. पिटुकलीही नाही. रेडिओ म्हणाला की आता फरशीवाल्याला बोलावूनच घ्या.

जेवणाच्या दिवशी मला पायरीवर ठेवलं होतं, म्हणून सगळं दिसलं. मुलांनी पालक खुडला, तीन पाण्यांतून धुतला, जाड पात्याच्या सुऱ्यांनी चिरला. टोपलीभर पाला शिजून मूठभर झाला, तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. वर्गाला पुरणार कसा? मावशींचा हात सवयीने मिठाच्या बरणीकडे गेला आणि थांबला. बरणी त्यांनी पिटुकलीपुढे धरली.

"घाल. आता वेळ झाली."

पिटुकलीने चिमूट घेतली, अर्धी परत टाकली, उरलेली पातेल्यात सोडली. ताटं वाढली. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. कुणीच घास उचलेना. मग पिटुकलीने डोळे मिटले आणि भाजी तोंडात घातली. ती इतकी सावकाश चावत होती की माझ्या तळाचा पाझरसुद्धा थांबला असावा.

"कशी लागते गं?" रेडिओने विचारलं.

"खारट नाही," ती म्हणाली.

वर्गात हशा पिकला. त्या हशातच रेडिओने घास घेतला, मग त्याच्या शेजाऱ्याने, मग पलीकडच्या बाकावरच्यांनी. वाट्याला आलं चमचा चमचा, पण आपण खुडलेलं दुसऱ्याला जाऊ नये म्हणून मुलांनी ताटं पुसून खाल्ली. मोठ्या बाई बादलीपाशी गेल्या. आत फक्त देठं होती. त्यांनी शाबासकी वगैरे काही दिली नाही. एवढंच विचारलं, "मावशी, पुढच्या वेळी गाजरं लावणार का?"

त्यानंतर बरीच वर्षं गेली, मित्रांनो. मावशी थकल्या, घरी गेल्या, परतल्या नाहीत. मुलं थेंब चाखत राहिली, पण का चाखायचा ते विसरली. पुढे रबरी नळी आली. नळीतलं पाणी कोण चाखणार? मी खिळ्यावर गेले आणि माझ्या तोटीत कोळ्याने घर केलं. वाफ्यात गवत माजलं. मागच्या महिन्यात दोन माणसं टेप घेऊन वाफा मोजून गेली, तेव्हापासून माझ्या पत्र्याला झोप नाही.

परवा मात्र एक नवी मुलगी खोक्यावर चढली आणि तिने मला खाली काढलं. कोळ्याला हलकेच बाजूला केलं, मला भरलं, आणि ओतण्याआधी एक थेंब जिभेवर घेतला. नव्या बाईंनी हसून विचारलं की हे काय चाललंय.

"आमची आई घरी असंच करते," ती म्हणाली. "चाखल्याशिवाय घालायचं नाही."

तीही वर्गात सगळ्यांत ठेंगणी आहे.

फरशीचं काय होईल, ते मला अजून ठाऊक नाही. माझा तळ गळतो, अर्धं पाणी वाटेतच सांडतं. म्हणून सांगते, मित्रांनो, झारी नसेल तर तांब्या घ्या, पण वीतभर माती आपली म्हणा. पेरा, धुवा, चिरा, ढवळा. हातून चूक होईल. झाली तर पानं करपायच्या आत कुणाला तरी सांगा. मला त्या दिवशी सगळं ठाऊक होतं, पण बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.