जागेचीच माती

आश्लेषानं रुमालाचं टोक पाण्यात बुडवलं, पिळलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरून हलक्या हातानं फिरवलं. मग रुमाल खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. पांढऱ्या कापडावर लिंबाच्या सालीसारखा पिवळा डाग उठला होता.

"हळद असेल, अक्का," मागून कार्तिक म्हणाला. तिचा धाकटा भाऊ. घर त्याचं, आराखडा तिचा. "अम्मा राहायला आल्यापासून या ओट्यावर हळदीचंच राज्य आहे."

"हळद भिंतीच्या आतून येत नाही."

तिनं गुडघ्यावर बसून दाखवलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर, खिडकीखालून दारापर्यंत, एक पिवळट पट्टा उमटला होता. जवळून पाहिलं की त्यात साखरेसारखे बारीक, टोकदार कण चमकत. पावसाळा संपला होता, भिंती पहिल्यांदाच आतून वाळत होत्या. अशा वेळी भिंतीवर क्षाराचा लोणा धरतो हे तिला ठाऊक होतं. घर ताब्यात देतानाच ती प्रत्येकाला तसं सांगून ठेवी. पण लोणा पांढरा असतो.

अम्मा, म्हणजे अनुसूयाबाई, ताक घुसळता घुसळता थांबल्या. "वास्तूला हळद लागली म्हणायची. चांगलंच आहे की. सुनेला दिवस गेलेत, घरालाही कळतं." पट्ट्याच्या मधोमध त्यांनी कुंकवाचं एक बोट उमटवलं होतं.

पीण्या या कारखान्यांच्या भागापलीकडे, नव्यानं प्लॉट पाडलेल्या लेआउटमधलं हे घर बघायला दर रविवारी लोक येत. भट्टीची वीट नाही, गिलावा नाही, रंग नाही. पाण्याच्या टाकीसाठी आणि पायासाठी जी माती खणली, तीच चाळून, त्यात थोडं सिमेंट घालून, हातयंत्रात दाबून विटा पाडल्या होत्या. भर उन्हाळ्यात पंखा न लावता खाली झोप लागायची. शहरातल्या कोरमंगल्याहून आलेली तरुण जोडपी भिंतीवर तळवा टेकून उभी राहत आणि एकमेकांकडे बघत. आश्लेषाला ते बघायला आवडे.

जिन्यावरून कार्तिकची बायको सुप्रीता उतरली. सहावा महिना सरत आला होता. कठड्याला धरून ती एकेक पायरी घेत होती. उजव्या हाताच्या दोन बोटांना तिनं चिकटपट्टी गुंडाळली होती.

"बोटांना काय झालं गं?"

"काही नाही, अक्का. स्वल्प चिरा पडल्यात. साबण बदलला ना." तिनं हात पदराआड घेतला.

आश्लेषानं सुरीच्या टोकानं भिंतीवरचं थोडं पिवळं एका स्टीलच्या डबीत खरवडून घेतलं. निघताना म्हणाली, "दोन-तीन दिवस या भिंतीला कोणी हात लावू नका."

"सरी, सरी, कबूल," कार्तिक हसला. "भिंतीला सोवळं."

श्रीहरींनी तिला कॉलेजात शिकवलं होतं. आता ते पीण्यातल्या एका गल्लीत, लेथच्या घरघराटात, मातीची चाचणीशाळा चालवत. विटा पाडण्याआधीची माती त्यांनीच तपासली होती. डबी उघडून त्यांनी आतला जिन्नस बराच वेळ पाहिला, पण बोटानं उचलला नाही.

"सर, तुम्ही ही माती चांगली म्हणाला होता."

"वाळू किती, चिकणमाती किती, वीट किती भार घेईल, हे तू विचारलं होतंस. तेवढ्याला ती चांगलीच आहे." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "त्या जागेवर आधी काय होतं?"

"काही नाही. मोकळी साइट. चिंचेचं एक झाड."

"त्याच्या आधी?"

ते तिनं कधी विचारलंच नव्हतं.

लेआउट पाडणाऱ्या माणसाकडून तिनं जागेच्या आधीच्या मालकाचं नाव काढलं. वासुदेव, आता मुलाकडे होसकोट्याला असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिकडे गेली. म्हातारा व्हरांड्यात ऊन खात बसला होता. आडनाव ऐकून तो खुलला.

"म्हणजे आमच्यातल्याच की तुम्ही! आमचेही पूर्वज मराठी मुलखातूनच आलेले. कोणत्या पिढीत, ते आता कोण सांगणार? बसा, बसा. कॉफी घ्या."

त्याच्या श्वासाला बारीक शिटीसारखा आवाज होता. बोलताना थांबे, थांबला की पुन्हा सुरू होई. आश्लेषा आधी आजूबाजूला बघत राहिली, हा आवाज कुठून येतोय म्हणून.

"माझी शेड होती तिथं," तो सांगू लागला. "सायकलची हँडलं, नळाच्या तोट्या, स्कूटरचे बंपर. सगळ्यांवर क्रोम चढवायचो. असं चकचकीत काम, की त्यात बघून दाढी करावी. मोठमोठ्या कारखान्यांचा माल यायचा आमच्याकडे."

"आणि उरलेलं पाणी?"

"कुठलं पाणी?"

"हौदांतलं. धुण्याचं."

"ते होय. मागं एक खड्डा होता, त्यात सोडायचो. जमीन पिऊन टाकायची." तो कौतुकानं म्हणाला. "रंग बघायला पाहिजे होता तुम्ही. झेंडूसारखा पिवळाधमक. पुढं शेड मोडली तेव्हा वरून तांबडी माती टाकून सपाट केलं. तुम्ही मातीची घरं बांधता म्हणे? चांगलं करता. सिमेंटनं नास केला या गावाचा."

"खड्डा कोणत्या अंगाला होता?"

"मागं. चिंचेच्या बुडाशी."

आश्लेषानं कॉफीचा पेला खाली ठेवला. चिंच तोडायची नाही असा हट्ट तिनंच धरला होता. झाडाला सावरून, त्याच्या शेजारी टाकी खणली होती. घराची जवळजवळ सगळी माती तिथूनच निघाली होती.

वासुदेवनं नाक चोळलं. "हा आवाज ऐकताय ना? नाकातल्या पडद्याला भोक आहे. शेडमधल्या सगळ्यांनाच व्हायचं. वास येत नाही, एवढंच; बाकी काही नाही." त्यानं हात पुढे केले. बोटांच्या सांध्यांवर जुने, गोल, खोलगट वण होते, हरभरा दाबून काढावा तसे. "हेही तसंच. आधी चिरा पडायच्या, मग असं व्हायचं. माणूस मरत नाही त्यानं. एक परसू तेवढा गेला, मूत्रपिंडं निकामी होऊन. पण तो पीतही होता."

ती परत निघाली तेव्हा गाडी चालवताना तिचं लक्ष सारखं स्वतःच्या बोटांकडे जात होतं. पुलाखालच्या गर्दीत अडकली असताना श्रीहरींचा फोन आला. तिनं गाडी कडेला घेतली.

"क्रोमियम आहे," ते म्हणाले. "त्यातलंही वाईट जातीचं."

"किती आहे?"

"आकडा ऐकून काय करणार आहेस? मी पुन्हा एकदा तपासून घेतलं. भिंत पुसू नका, झाडू नका, खरवडू नका. घरात कोण कोण राहतं?"

तिनं सांगितलं. 

"त्या मुलीला आजच हलव," श्रीहरी म्हणाले.

कार्तिक घरूनच काम करत होता. लॅपटॉप न मिटता त्यानं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना तो खुर्ची थोडी थोडी मागे सरकवत होता, भिंतीपासून दूर. मग ते त्याच्याच लक्षात आलं आणि तो थांबला.

"वरून एखादा थर मारता येईल ना? पारदर्शक काहीतरी असतं. तुझ्याकडेच बघितलंय मी."

"ते आतूनच येतंय, कार्तिक. प्रत्येक विटेतून."

"पण आम्ही भिंत चाटतोय थोडीच! इतके महिने राहतोय, कोणाला काय झालंय?"

"सुप्रीताच्या बोटांना काय झालंय?"

"साबण..." तो म्हणाला. बाहेर कोणाच्या तरी बोअरवेलचा पंप सुरू झाला. कार्तिकनं लॅपटॉप मिटला. "रविवारी लोक यायचेत बघायला."

"कोणी येणार नाही. मी कळवते. तू गाडी काढ."

ती वर गेली. झोपायच्या खोलीत दुपारचं ऊन आलं होतं आणि त्या उजेडात भिंती मधासारख्या दिसत होत्या. हीच खोली एका मासिकात छापून आली होती. सुप्रीता पलंगावर, भिंतीला पाठ लावून बसली होती. मागे दोन उशा होत्या.

"काही दिवस आपल्या जुन्या घरी जाऊ," आश्लेषा म्हणाली. "कपडे दे, मी भरते."

"आत्ता?"

"आत्ताच. ऊठ."

सुप्रीता उठेना. तिनं कपाट कुठलं ते सांगितलं, कप्पा कुठला ते सांगितलं. पण ती जागची हलली नाही. आश्लेषानं पिशवी भरली, चेन ओढली आणि तिला उठवायला हात पुढे केला. तो धरून सुप्रीता उभी राहिली आणि मागची उशी घसरून खाली पडली.

भिंतीत एक खळगा होता. आतली माती बाहेरच्यापेक्षा गडद, ताजी. कडेनं चमच्याचे ओरखडे दिसत होते आणि नखांचेही. आश्लेषानं न ठरवताच हात आत घातला. तो मनगटापर्यंत गेला. खालची कड ओलसर लागली.

"रागावू नका, अक्का." सुप्रीताचा आवाज रडवेला झाला होता. "भिंत खराब केली मी. बुजवता येईल ना? कार्तिकला सांगू नका. दुपारी या वासानं जीवच राहत नाही हो. डोहाळेच आहेत, अत्ते म्हणाल्या."

सासूला ती अत्ते म्हणे. अनुसूयाबाई धुतलेल्या साड्यांची चळत घेऊन दारात उभ्या होत्या.

"मीच सांगितलं तिला," त्या म्हणाल्या. "रस्त्यावरची माती खाल्ली तर पोटात जंत होतील. त्यापेक्षा आपल्या घरची खा म्हटलं. तूच चाळून घेतलेली आहेस ना ती. मी नाही का खाल्ली, तू पोटात होतीस तेव्हा? सगळ्याच बायका..." मुलीच्या चेहऱ्याकडे बघून त्या थांबल्या. साड्या त्यांनी हळूच दारातच खाली ठेवल्या.

आश्लेषानं सुप्रीताला न्हाणीघरात नेलं. चिकटपट्ट्या सोडवल्या. खाली चिरा नव्हत्या. वाटाण्याएवढ्या दोन गोल जखमा होत्या. तिनं एकेक बोट साबणानं धुतलं, नखं बारीक कापली, पुन्हा धुतलं. सुप्रीता लहान मुलासारखी हात पुढे करून उभी होती.

"भिंतीचं काही नाही गं," आश्लेषा म्हणाली. "मातीत विष आहे. मला माहीत नव्हतं."

सुप्रीतानं नळाखालचे हात मागे घेतले नाहीत. तिनं विचारलं, "बाळाला?"

आश्लेषानं नळ बंद केला.

गाडीत तिनं कार्तिकला सांगितलं, की सुप्रीतानं थोडी माती खाल्ली आहे. थोडी, एवढंच. खळग्याबद्दल ती बोलली नाही. मागच्या सीटवर अनुसूयाबाई सुनेचा हात मांडीवर धरून बसल्या होत्या.

डॉक्टर अहल्या सुप्रीताला पहिल्यापासून तपासत होत्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी आधी तिला आडवं केलं आणि पोटावर यंत्र टेकवलं. खोलीभर बाळाच्या ठोक्यांचा आवाज पसरला, धावत्या पावलांसारखा. कार्तिकनं तोंड भिंतीकडे फिरवलं. अनुसूयाबाईंनी हात जोडले.

"ठोके ठीक आहेत आत्ता," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त, लघवी तपासू. मूत्रपिंडांच्या डॉक्टरांशी मी आज बोलते. खरं सांगायचं तर असं प्रकरण माझ्याकडे पूर्वी आलेलं नाही." त्यांनी पेन उचललं. "पुढचे उपचार यावरच ठरतील, म्हणून नीट आठवून सांग. रोज किती खात होतीस?"

सुप्रीतानं कार्तिककडे पाहिलं. मग अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली.

"चिमूटभर. तीही रोज नाही."

कार्तिकनं अडवून धरलेला श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावर हसूही आलं. "बघ, अक्का," तो म्हणाला. "चिमूटभरच."

डॉक्टर लिहू लागल्या.

"कार्तिक," आश्लेषा म्हणाली, "गाडी फाटकासमोर लावलीयस. कोणाची तरी अडली असेल. अम्मालाही घेऊन जा, तिला बाहेर बरं वाटेल."

तो आईला हाताला धरून उठला. जाताना त्यानं बायकोच्या खांद्यावर थोपटलं. दार त्यांच्यामागे आपोआप मिटलं.

डॉक्टरांचं पेन थांबलं होतं.  सुप्रीता दाराकडे बघत राहिली, मग नणंदेकडे. मांडीवर तिची चिमूट अजून तशीच धरलेली होती. ती सुटायला थोडा वेळ लागला. मग एकेक बोट करत तिनं सगळा हात उघडला, तळवा वर केला आणि बोटं किंचित वळवून त्याचा खळगा केला, भरून घ्यायला धरतात तसा.