जानूदादाच्या खुणा

"धाकू, खाली जा. इंजिन बग."

जानूदादा असं म्हणाला की मला कळायचं, जागा आली. इंजिनाला काहीही झालेलं नसायचं. तरी मी होडीच्या पोटात डिझेलच्या वासात जाऊन बसायचो. वर माझा सख्खा भाऊ, होडी चालवणारा तांडेल, किनाऱ्याकडे बघत खुणा जुळवायचा, पाण्याखालच्या खडकाची कड शोधायचा आणि मग जाळं टाकायला मला हाक मारायचा. जाळ्यात सुरमई यायची. बंदरावर लोक म्हणायचे, "जानू तांडेलाची नजर म्हणजे नजर!" तेव्हा मी त्याच सुरमईच्या टोपल्या डोक्यावरून उतरवत असायचो.

असं तीस वर्षं चाललं.

खुणा वडिलांनी थोरल्याला सांगायच्या आणि थोरल्याने मनात येईल तेव्हा धाकट्याला, असा आमच्यात रिवाज. दादाच्या मनात कधी आलंच नाही. होडीवर त्याने जीपीएस घेऊ दिलं नाही, आणि निघताना माझा मोबाइल हिरावहिनीच्या हातात द्यायला लावायचा. भावावर माझा जीव आहे. पण मी त्याच्यावर जळायचो, पोटातून जळायचो, हे कशाला लपवू?

माझी मुलगी रुपाली मच्छीमार सोसायटीत कारकून आहे. उपग्रह वरून पाण्याचा रंग आणि उष्णता बघतो, त्यावरून मासळी कुठे असेल याचा अंदाज तिच्या फोनवर येतो. तो ती फळ्यावर लिहिते: दीपगृहापासून अमुक दिशा, अमुक अंतर. दिवाळीनंतर एके दिवशी दादा फळ्यासमोर उभा राहिला.

"वाच गो," तो रुपालीला म्हणाला. समोर लिहिलेलं असताना दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं, हा मला त्याचा तोरा वाटला.

रुपालीने वाचलं आणि दादाचा चेहरा पडला. मी काय ते ओळखलं. आमची जागा फळ्यावर आली होती.

त्या दिवशी दादाने होडी सोडलीच नाही. बाकी सगळ्या होड्या तिकडे धावल्या. खडकाची नेमकी कड कुणालाच ठाऊक नव्हती, त्यामुळे दोघांची जाळी फाटली. पण इतरांच्या टोपल्या भरल्या. मी धक्क्यावर उभा राहून बघत होतो आणि मला इतका आनंद झाला होता की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

पुढच्या सभेत सोसायटीच्या चेअरमनांनी, हरिश्चंद्रशेठनी, ठराव मांडला की उपग्रह सोडणाऱ्या शास्त्रज्ञांचं अभिनंदन करावं आणि देशाने या कामाला आणखी पैसे द्यावेत, असं सरकारला कळवावं. दादा ताडकन उठला.

"बंदरात गाळ साचलाय, ओहोटीला होडी आत येत नाय. त्याला पैसे नायत. आनि आभालात उडवायला हायत? लागला तर दुसऱ्या देशाचा अंदाज इकत घ्या. आपला कशाला हवा?"

चार जणांनी माना डोलावल्या. बोलणं चुकीचं नव्हतंच. सभेत कधी तोंड न उघडणारा मी उठलो.

"दुसऱ्याचा घेऊन कसं चालंल? तो देईल तवा घ्यायचा, नाय दिला तर गप बसायचं. खुना ज्याच्या हातात, तो दुसऱ्याला इंजिनाजवल बसवतो. आपल्या खुना आपल्याकडंच हव्यात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हरिश्चंद्रशेठ म्हणाले, "धाकूनं देशाचा इचार केला हो!" देशाचा कसला विचार? मी कुणाबद्दल बोललो ते दादाला तेवढं कळलं. ठरावाविरुद्ध त्याचा एकट्याचा हात वर होता आणि तो माझ्याकडे बघत होता.

त्यानंतर आठवडाभर आम्ही होडीवर कामापुरतं बोललो.

मग आभाळ भरून आलं. रुपालीने फळ्यावर लिहिलं, 'ढगांमुळे आज अंदाज नाही.' फळ्यासमोरची सगळी तोंडं दादाकडे वळली. दादाची मान ताठ झाली. झालं, म्हटलं, राजा परत गादीवर बसला. आत पुन्हा आग लागली.

समुद्रात दादाने वेग कमी केला. तो सांगायच्या आधीच मी खाली उतरायला लागलो.

"नको. वर ये," तो म्हणाला. "हितं बस. दीपगृह दिसतंय?"

"दिसतंय."

"त्याच्या मागं डोंगरातली खिंड आली काय?"

ढग होते, पण किनारा स्वच्छ होता. लहान पोरानेही सांगितलं असतं. मी दादाकडे बघितलं. तो दीपगृहाच्या बराच डावीकडे, रिकाम्या पाण्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत साय धरली होती. इतके दिवस त्याच्या डोळ्यांकडे मी बघितलंच नव्हतं.

"कधीपासून?"

"गनपतीपासून नीट दिसत नाय."

गणपतीपासून आमच्या जाळ्यात मासळी कमी येत होती. आम्ही दर्याला बोल लावत होतो.

"त्या मेल्याला इतक्या वरून दिसतं," दादा म्हणाला, "आनि मला हितून दिसत नाय. म्हनून हात वर केला सभेत. जळलो मी त्याच्यावर."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू मला इंजिनाजवल बसवलं असतंस."

त्याने दुसरी खूणही सांगितली: भाट्याच्या किनाऱ्यावरच्या सुरुबनाचं टोक मागच्या डोंगराच्या पायथ्याला टेकायला हवं. मी सुकाणू धरलं. हळूहळू दीपगृहामागे खिंड आली, सुरुबन डोंगराला टेकलं.

"जुळल्या, दादा."

"जुळल्या?" तो उठला. "मग मी इंजिन बगतो."

पहिली पायरी सापडेपर्यंत त्याचा पाय हवेत चाचपडत राहिला. दादा, वरच बस, असं मला म्हणायचं होतं. मी म्हटलंही, पण जाळं टाकून झाल्यावर.