मजीदमियांच्या छातीतली कळ

आमचे हे, मजीदमियां, हिमरू शालींचे विणकर. हजार धाग्यांची नक्षी यांना तोंडपाठ. पण शहागंजच्या दवाखान्यात डॉक्टरांना स्वतःचं दुखणं सांगता येईना. छातीत दुखतं म्हणाले, तशी मी त्यांना रिक्षात कोंबून आणलं होतं.

"कसं दुखतं? जळजळ होते, कळ येते, की घाबरल्यासारखं वाटतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मालूम नाही. मिनिटाला अठ्ठ्याण्णव ठोके पडतात. मोजलेत मी."

हृदयाच्या तपासणीची कागदी पट्टी निघेपर्यंत मी जीव मुठीत धरून उभी होते. ती पाहून डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. घरात काही घडलं का?"

"नाय."

"अहो, परवा मुनिराची रुख्सती झाली!" मी म्हणाले. "एकुलती पोरगी खुलताबादला सासरी गेली. समदे रडले, अन् हे तिच्या पेटीचं बिजागर ठोकत बसले."

"त्याचा छातीशी काय संबंध?" यांनी अगदी मनापासून विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "चाचा, जरा रडून घ्या."

हे विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "किती वेळ?"

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

"सुरू तर करा," मी म्हणाले. "थांबायचं कधी, ते मी सांगते."