गोटीरामचं वृक्षासन

शिरवण्याचा गोटीराम म्हात्रे वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी योगासनं शिकायला लागला, तेव्हा गावाला आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मिठागर आणि भाताचं खाचर यांपलीकडे ज्याने कधी पाऊल टाकलं नाही, तो माणूस रोज पहाटे गोधडी काखेत मारून नेरूळच्या नव्या कॉलनीत जायला निघे. नळावरच्या बायका त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "बगला निंघाला मासं धराला." गोटीराम मान वळवत नसे. त्याचं काम हसण्यावारी नेण्याजोगं नव्हतं.

गोष्ट अशी होती. गावची जमीन सरकारने घेतली होती आणि तिच्या बदल्यात घरटी एक नोकरी कबूल झाली होती. वर्षानुवर्षं चपला झिजवल्यावर शहाऐंशी साली गावाजवळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका रसायनाच्या कारखान्यातून म्हात्र्यांच्या घराला बोलावणं आलं. घरात कर्ते पुरुष दोन, गोटीराम आणि त्याचा धाकटा भाऊ शिवा. बाप गेला तेव्हा शिवा पाच वर्षांचा होता. गोटीरामने त्याला शाळेत घातलं आणि स्वतः मिठागरातच राहिला. आता शिवा बावीस वर्षांचा, दहावी पास, अंगाने चपळ. कुणीही शहाण्या माणसाने त्याचंच नाव दिलं असतं.

पण थोरलेपण एकदा अंगात मुरलं की शहाणपणाला जागा कुठे उरते? सातबारा थोरल्याच्या नावावर, रेशन कार्ड थोरल्याच्या नावावर, गावकीत बसायचा मान थोरल्याचा. मग नोकरी तेवढी धाकट्याच्या नावावर कशी? गोटीरामने अर्जात आपलं नाव घालून अंगठा उठवला. कारकुनाने बजावलं होतं की एकदा लागलेलं नाव बदलत नाही, आणि तो माणूस तपासणीत नापास झाला तर त्या घराचा हक्क तिथेच संपला. गोटीरामने ऐकल्यासारखं केलं. थोरल्यापुढे शिवाने बोलायची रीतच नव्हती, आणि गोटीरामला ती रीत फार सोयीची वाटली.

पहिल्याच तपासणीत तो गडबडला. काम टाक्यांवर शिडीने चढण्याचं होतं. कारखान्याच्या डॉक्टरने वाकून पायाचे अंगठे धरायला सांगितलं, तर बोटं गुडघ्यांखाली जाईनात. एका पायावर उभं राहायला सांगितलं, तर दुसरा पाय उचलायच्या आधीच कंबर कलली. सत्तावीस वर्षं डोक्यावर मिठाची टोपली वाहिलेलं अंग ते, लाकडासारखं झालेलं. डॉक्टर माणूस बरा होता. म्हणाला, "तीन महिने देतो. योगासनं वगैरे करा, अंग मोकळं करा. पण नंतर पुन्हा संधी नाही."

नेरूळच्या कॉलनीत सिताराम वाघमारे नावाचे क्लार्क राहायचे, परभणीकडचे. ऑफिसला जाण्याआधी बिल्डिंगसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर ते फुकट वर्ग घ्यायचे. पहिल्या दिवशी गोटीरामचं वाकणं पाहून ते म्हणाले, "भाऊ, जोर लावू नका. अंगासंगं भांडण कशाला करायलात? श्वास सोडा, जेवढं जाईल तेवढं जाऊ द्या."

गोटीरामला हे शिकवणं पटायला पंधरा दिवस लागले. मग मात्र त्याने मागे पाहिलं नाही. महिन्याने बोटं नडग्यांपर्यंत पोचली, दोन महिन्यांनी अंगठे हातात आले. वृक्षासनाने खरा छळ मांडला. एक तळवा दुसऱ्या मांडीला लावून, हात डोक्यावर जोडून उभं राहायचं; तो हटकून पडे. वाघमाऱ्यांनी त्यावर तोड सांगितली. "नजर एका जागी रोवा. ती पाण्याची टाकी दिसायली का? तिच्यावरचा काळा डाग बघा. नजर हलली की माणूस हललं." गोटीरामने तो डाग असा धरला, की पुढे पुढे शंभर आकडे मोजून होईपर्यंत तो जागचा ढळत नसे. वाघमारे त्याला सगळ्यांच्या पुढे उभा करू लागले.

एके दिवशी वर्ग संपल्यावर त्याच्या गोधडीवर रक्त दिसलं. तळव्यात काचेचा तुकडा चांगला बोटाच्या पेराएवढा रुतला होता आणि याला पत्ता नव्हता. वाघमाऱ्यांनी विचारलं, "तुम्हाला दुखलं नाही?" गोटीरामने काच उपटून फेकली. "आगऱ्याचा पाय हाय, गुरुजी," तो ऐटीत म्हणाला. सगळे हसले, तोही हसला.

घरी अंगणात तो आसन लावून उभा राहिला की बायको गोजरा चुलीपाशी बसून आकडे मोजायची आणि शिवा सायकल पुसता पुसता बघत राहायचा. एकदा न राहवून म्हणाला, "जमला, दादूस." गोटीरामला कोण आनंद झाला. "मी आत लागलू का तुना बी आत घेतू," त्याने सांगून टाकलं. शिवाने मान डोलावली. त्याचा भावावर विश्वास होता, आणि गोटीरामचा स्वतःवर त्याहून जास्त.

तपासणीच्या दिवशी शिवाने त्याला सायकलवर डबलसीट कारखान्याच्या गेटपर्यंत नेलं आणि तो बाहेर थांबला.

आत गोटीराम वाकला आणि तळहात जमिनीला टेकवले. डॉक्टर खूश झाला. मग एका पायावर उभं राहायचं. गोटीरामने भिंतीवरचा खिळा नजरेत पकडला आणि मनात शांतपणे पन्नासपर्यंत गेला. "फर्स्ट क्लास," डॉक्टर म्हणाला. "पाय खाली घ्या. दोन्ही पाय जोडून उभे राहा. आता डोळे मिटा."

"डोले कशाला?"

"मिटा हो. एवढंच राहिलंय."

गोटीरामने डोळे मिटले. खिळा गेला आणि त्याबरोबर जमीनही गेली. आपण उभे आहोत की कलतोय, काही समजेना. खांदा टेबलावर आपटला तेव्हा त्याला कळलं की आपण पडलो. दोन पायांवर धड उभा असलेला माणूस, कुणी ढकललं नाही, काही नाही. तो पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी डॉक्टरनेच त्याला धरलं.

डॉक्टरने त्याला बाकावर निजवलं आणि तळव्याला टाचणी लावली. "लागतंय?"

"कुठं?" गोटीराम म्हणाला.

डॉक्टरने टाचणी ठेवून दिली. मग खुर्ची ओढून समोर बसला. "तळव्यांना जाण राहिलेली नाही तुमच्या. मिठाच्या पाण्यात सारा जन्म गेला, त्याने झालं असेल, नाहीतर आणखी कशाने. तुम्ही डोळ्यांच्या जोरावर उभे राहता. वर टाकीवर वाफ असते, दिवे जातात. मी सही केली तर माणूस मारल्यासारखं होईल."

"अजून म्हयना द्या. मिटून करतू. गुरुजींना इचारतू."

"आसनाने अंग सुटतं. गेलेली जाण अशी महिन्यात येत नाही."

गोटीराम उठून बसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला नीट श्वास घेता येईना. "मंग माज्या भावाचा बघा, सायेब. भायेर उभा हाय. तो चरंल टाकीवर."

"कागदावर नाव तुमचं आहे," डॉक्टर म्हणाला, आणि हे सांगताना त्यालाही बरं वाटत नसावं, कारण तो खिडकीकडे पाहत होता.

गेटबाहेर शिवा सायकलला टेकून उभा होता. गोटीरामचा चेहरा पाहून त्याने सायकल स्टँडला लावली. "काय झाला, दादूस?"

"परलू."

"एका पायावर?"

"दोनी पायांवर. डोले मिटून उभा ऱ्हायाचा व्हता."

"डोले मिटून? एवराच?"

शिवाला ते खरंच समजेना. यात पडण्यासारखं काय आहे, ते करून बघावं म्हणून त्याने चपला काढल्या आणि तिथेच धुळीत डोळे मिटून उभा राहिला. काहीच झालं नाही. मग त्याने अंगणात पाहिलं होतं तसा एक पाय उचलून मांडीला लावला आणि हात डोक्यावर जोडले. शेजारून ट्रक धडधडत गेला, ड्रायव्हरने हॉर्न मारला. शिवा हलला नाही. पोराच्या चेहऱ्यावर कसला ताठा नव्हता की राग नव्हता. गोटीराम त्याच्या पावलाकडे टक लावून बघत राहिला. हा पडावा, एकदा तरी पडावा, असं त्याला पोटातून वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही तितकीच वाटली.

"आजून किती वेल ऱ्हावू, दादूस?" शिवाने विचारलं.

बस झालं, उघड डोळे, एवढंच तर म्हणायचं होतं. पण डोळे उघडल्याबरोबर तो आधी आपल्याकडेच बघणार, हे गोटीरामच्या ध्यानात आलं. तो मनातल्या मनात आकडे मोजू लागला.